बार्शी लाइटचे रूळ अडीच फुटीच का?

प्रश्न : आमच्या आजोबांची बार्शीला आडत होती. मुंबईहून येताना कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडायची आणि छोट्या गाडीत बसायचं, असं ते सांगत. एवढ्या मोठ्या पेठेला अडीच फुटी रुळांवरची चिमुकली गाडी का? पैसे वाचवायला?

उत्तर : पैसे वाचवायला, हे तर आहेच. पण चिमुकली म्हणून तिला हिणवू नका.

मुंबई-सोलापूर मार्ग टाकताना ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने बार्शीला बगल दिली. १८५९ मध्ये रूळ कुर्डुवाडीला पोचले. स्टेशनाला नाव दिलं ‘बार्सी रोड’, आणि बार्शी राहिली चौतीस किलोमीटर आत! बालाघाटाकडचा, निजामाच्या मुलखातला कापूस आणि गळिताचा माल बार्शीच्या पेठेत यायचा, आणि तिथून स्टेशनापर्यंत पुन्हा बैलगाड्या. जीआयपीत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरला त्यात धंदा दिसला. परवानगीच्या खटपटीत काही वर्षं गेली. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली, १८९७ मध्ये गाडी धावली.

कॅलथ्रॉपने सगळा हिशेब वजनावरून मांडला. इंजिन असो की मालडबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. (आज ब्रॉडगेजच्या भरलेल्या मालडब्याच्या आसावर वीस टनांहून जास्त भार असतो.) एवढं पथ्य पाळलं की रूळ हलके चालतात, पुलांचा खर्चही आटोक्यात राहतो. त्याच्या पहिल्या इंजिनांना बारा चाकं होती ती याचसाठी. सगळं धूड सहा आसांवर वाटलेलं. डबे मात्र सात फूट रुंद, म्हणजे रुळांतल्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट! त्यामुळे माल भरपूर मावायचा. असली गाडी डुलेल, कलंडेल, अशी शंका कुणालाही येईल. कॅलथ्रॉपने १८९६ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून ती लोकांना चालवूनच दाखवली. माणूस हरहुन्नरी, पुढे वैमानिकांसाठी पॅराशूटही बनवलं त्याने.

फाटा तेवढ्यावर थांबला नाही. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. आषाढी-कार्तिकीला तर डबे ओसंडून वाहायचे.

खरी खोट होती ती कुर्डुवाडीला. रूळ बदलले की डबा पुढे जात नाही. छोट्या डब्यातलं प्रत्येक पोतं हमालाने पाठीवर घ्यायचं आणि मोठ्या डब्यात नेऊन थप्पी लावायची. हमाली वाढली, वेळ गेला, फुटक्या पोत्यांतली गळती वेगळी. बांधताना वाचवलेल्या पैशाचं व्याज आडते आणि शेतकरी असं वर्षानुवर्षं भरत राहिले, असं माझं मत. गंमत म्हणजे कॅलथ्रॉपला यावरचा उपाय ठाऊक होता. १९०४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या अडीच फुटी मार्गावर मोठ्या गाडीचा अख्खा डबाच छोट्या गाडीवर चढवून नेत. इकडे भिस्त हमालांवरच राहिली.

१९५४ मध्ये सरकारने बार्शी लाइट ताब्यात घेतली. रूळ रुंद व्हायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं. आता लातूर-मुंबई गाडी बार्शीवरूनच जाते, आणि कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागत नाही.