शालू कपाटात टाकण्याआधी

अगं, मांडवपरतणी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आता तरी ती बॅग उघड. शालू, पैठणी, मामाकडची पिवळी साडी, सगळं घामेजलेलं एकत्र कोंबलंय ना? साडी लग्नात खराब होत नाही, त्यानंतरच्या आठवड्यात होते.

आधी पलंगावर धुतलेली चादर घाल आणि साडी पंख्याखाली रात्रभर पसर. गच्चीवर नाही हं, उन्हाने रेशीम विटतं आणि कमकुवतही होतं. सेफ्टीपिना एकूण एक काढ, राहिलेली पिन गंजते आणि तो डाग जन्मात निघत नाही. मग साडी झटक. निऱ्यांतून, ब्लाउजच्या बाह्यांतून अक्षता पडतील. ते तांदूळ घडीत राहिले की किडे येतात.

डाग उजेडात शोध. तुपाचे, कुंकवाचे दिसतील. घास भरवताना सांडलेला गुलाबजामचा पाक मात्र आज दिसणार नाही, वर्षभराने तिथे तपकिरी ठिपका उमटेल. म्हणून आठवून आठवून, जिथे काही सांडलं तिथे पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घाल आणि ड्रायक्लीनवाल्याला कशाचा डाग आहे ते तोंडाने सांग. त्याच्या औषधाने तेल-तूप निघतं. साखर आणि घाम त्याने निघत नाहीत, त्यासाठी त्याला वेगळा हात फिरवावा लागतो.

हळदीच्या सुती साडीला साबण लावलास की डाग लालभडक होईल. घाबरू नकोस, हळद आणि साबणाचा तो स्वभावच आहे. खळखळून धू आणि उन्हात टाक, ऊन हळद खातं. रेशमी असेल तर हा उद्योग घरी करूच नकोस.

आता ठेवायचं कसं? दुकानाची ती चेनवाली प्लास्टिकची पिशवी फेकून दे. आत ओल धरते आणि जर काळी पडते. आईचं एखादं जुनं मऊ सुती पातळ माग, खळ नसलेलं, नीळ न घातलेलं, आणि त्यात साडी गुंडाळ. खरी जर म्हणजे चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. म्हणून तिला अत्तर, स्प्रे, रबर, डांबरगोळ्या काही चालत नाही. कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेव, लवंगा ठेव, पण त्याही साडीला टेकू देऊ नकोस. हँगरला तर मुळीच अडकवू नकोस, जरीच्या वजनाने रेशीम घडीवर फाटतं. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती कापड घालून. पाणी शिंपडायचं नाही.

घडी बदलायला पाडवा, दसरा आणि संक्रांत हे दिवस धर. तिन्ही वेळा हवा पावसाळ्यापेक्षा कोरडी असते. पावसाळ्यात, त्यातून तू मुंबईत, रेशमाचं गाठोडं उघडूच नकोस.

पण खरं सांगू? उघडलीस की नेस. दिवाळसण, नणंदेचं डोहाळजेवण, किती प्रसंग येतात! पंधरा वर्षं एकाच घडीत पडलेला शालू मी उलगडताना चिरलेला पाहिलाय, आणि दरवर्षी नेसलेल्या पैठण्या आज्यांच्या अंगावर अजून दिसतात. ब्लाउज घट्ट होईल, ते धरूनच चल. शिंप्याने आत सोडलेली माया कापू देऊ नकोस, तीच पुढे उसवता येते. धाकटी बहीण मागेल तर दे, फक्त पिना कुठे लावायच्या ते दाखवून दे. पदराच्या जरीत कधीच नाही.

रिसेप्शनचा लेहेंगा आणि जावईबापूंची शेरवानी यांच्यात जीव अडकवू नकोस. फॅशन सरते, वजन उरतं. विकायचा असेल तर वर्षाच्या आत विक. खडे-टिकल्या चिकटवलेल्या असतील तर ड्रायक्लीनला देताना आधी विचार, त्या औषधाने डिंक सुटतो. शेला मात्र ठेव. तुमची गाठ त्याच्याच पदराला मारली होती.

कापायची घाई तर अजिबात नको. हल्ली लग्नाच्या साडीचा ड्रेस, उशीचे अभ्रे असलं काहीबाही शिवतात. दहा वर्षं तरी कात्री लावू नकोस. अंग विरलं आणि काठपदर धड राहिले, तर ते उसवून नव्या रेशमावर चढवता येतात. आजीची नऊवारी तुझ्याकडे आलीये, ती सव्वाआठ मीटरच्या आसपास भरेल. सहावारीचे साडेपाच गेले तरी पावणेतीन मीटर उरतात. त्यात लहान मुलीचं परकर-पोलकं होतं. अगदी चिंध्या झालेलं मऊ रेशीम बाळाच्या कुंचीला चांगलं. फक्त आतून सुती अस्तर लाव, जर टोचते.

आणि बोहारीण दारात आली की मोह होतो, पातेलं समोर चकचकत असतं. जरीची साडी तिला द्यायची नाही. जुनी जर विकत घेणारे वेगळे असतात, पण त्यांच्याकडेही थेट जाऊ नकोस. आधी ओळखीच्या सराफाला तार दाखव. चांदी निघाली तर तो दिवसाचा भाव सांगेल, मग घासाघीस कर. तांब्याची निघाली तर साडी परत घरी आण आणि त्या काठांचं देवघराला तोरण शिव.