इन्सुलिनची रचना व वैद्यांची दक्षता

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन होय. २१ आम्लांची 'अ' व ३० आम्लांची 'ब' या त्याच्या साखळ्या गंधकाच्या दोन बंधांनी जोडलेल्या असतात. हा अनुक्रम उलगडल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही रचना अभंग राहिली तरच इन्सुलिन पेशींवरील ग्राहींशी जुळते आणि ग्लुकोज स्नायूंत शिरते. पोटात घेतल्यास पेप्सिन, ट्रिप्सिन आदी पाचक विकरे अन्नातील प्रथिनांप्रमाणेच त्याचे विघटन करतात; म्हणूनच ते त्वचेखाली टोचावे लागते.

प्रकार १ च्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिननिर्मिती जवळजवळ संपलेली असते. अशा रुग्णास प्रमेहघ्न औषधे देतानाही वैद्याने इन्सुलिन कदापि बंद करू नये. ते थांबल्यास रक्तात कीटोआम्ले साचून अल्पावधीत प्राणसंकट ओढवते.