बोल्ट्झमन आणि वायूंचा एकतर्फी प्रवास

खोलीत उदबत्ती लावली की तिचा सुगंध थोड्याच वेळात सर्वत्र दरवळतो. पण दरवळलेला सुगंध पुन्हा काडीपाशी गोळा झालेला कोणी पाहिला नाही. असे का, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाशी लुडविग बोल्ट्झमन आयुष्यभर झुंजले. त्यांचा जन्म १८४४ साली व्हिएन्ना येथे झाला. ग्राझ, म्युनिक, लाइपझिग आणि खुद्द व्हिएन्ना येथे ते प्राध्यापक होते.

वायू म्हणजे असंख्य रेणूंची धावपळ, असे ते मानीत. रेणूंच्या टकरींमुळे वायू समतोलाकडेच जातो, हे त्यांनी १८७२ साली गणिताने मांडले. त्यावर त्यांचे ज्येष्ठ स्नेही लोश्मिट यांनी १८७६ साली बिनतोड आक्षेप घेतला. न्यूटनचे नियम कालाच्या दोन्ही दिशांना सारखेच लागू पडतात. एखाद्या क्षणी प्रत्येक रेणूचा वेग नेमका उलटा केला, तर सुगंध आल्या वाटेने परत जायला हवा! मग हा एकतर्फीपणा आला कोठून?

बोल्ट्झमन यांनी १८७७ साली दिलेले उत्तर हेच माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण. परत येणे अशक्य नव्हे, केवळ असंभाव्य आहे. दहा नाणी उडवली तर एकंदर १,०२४ प्रकार संभवतात. दहाही छापा पडण्याचा प्रकार एकच. पाच छापा नि पाच काटा यांचे मात्र २५२. दहांच्या जागी खोलीतले अगणित रेणू कल्पावेत, म्हणजे सुगंध का परतत नाही ते कळते. निसर्गनियम येथे आज्ञा न राहता मोजदाद झाला. मुळात सुगंध काडीत एकवटलेला का होता, हे मात्र या मोजदादीतून निघत नाही.

अणूच कोणी पाहिलेला नाही, तर त्यांची मोजदाद कसली, असा माख, ओस्टवाल्ड प्रभृतींचा रोख होता. त्या काळी तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. १९०६ साली दुइनो येथे बोल्ट्झमन यांनी आत्महत्या केली. या विरोधानेच त्यांचा बळी घेतला असे सर्रास लिहिले जाते. परंतु ते दीर्घकाळ मनोविकाराने पीडित होते, हे विसरून चालणार नाही. आदल्याच वर्षी आइन्स्टाइन यांचा ब्राउनीय गतीवरील निबंध प्रसिद्ध झाला होता. पुढे पेरँ यांच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली आणि १९०९ साली ओस्टवाल्ड यांनीही अणूंचे अस्तित्व मान्य केले.

व्हिएन्नातील त्यांच्या समाधीवर एंट्रॉपी आणि संभाव्यता यांना जोडणारे सूत्र कोरलेले आहे. त्या रूपात ते प्रथम लिहिले मात्र प्लांक यांनी.