आधी जपायचं काय ते ठरवा

डोंबिवलीत पावसाळ्यात लाइट एका दमात जात नाही. दोन-तीनदा येते-जाते, मग गुल होते. पंख्याला त्याचं काही नाही, पण फिरत्या हार्ड डिस्कला असतं. म्हणून घरी मीडिया सर्व्हर (घरातले व्हिडिओ-गाणी टीव्हीवर दाखवणारं मशीन) उभा करायचा की नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) घ्यायचा, हा विचार आपल्याकडे विजेपासून सुरू करावा लागतो.

आमच्याकडे जुना डेस्कटॉपच सर्व्हर म्हणून चालायचा. त्यावर जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर आणि दोन डिस्कचं मिररिंग, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर. वडिलांनी कॅसेटवर टिपलेली नाट्यगीतं, बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस, मुलांचे वाढदिवस, सगळं त्यात. बसवून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "दोन डिस्क आहेत, वेगळ्या बॅकअपची गरज नाही." जूनमधल्या एका संध्याकाळी लाइटचा लपंडाव झाला. मशीन परत सुरू झालं तेव्हा फोल्डर दिसत होते, फायली उघडत नव्हत्या. एक डिस्क मेली तर मिररिंग वाचवतं. पण फाइल बिघडली किंवा पुसली गेली, तर तोच बिघाड दोन्ही डिस्कवर उतरतो. ठाण्याला घोडबंदर रोडवर बहिणीकडे पोर्टेबल डिस्कवर एक प्रत होती, म्हणून वडिलांचा संग्रह वाचला. ती प्रत काढल्यानंतर भरलेलं सगळं गेलं.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगतो: साठवणं आणि दाखवणं ही दोन कामं वेगळी धरा.

साठवायला नॅस चांगला. दोन डिस्कचा नॅस साधारण १५ ते २० वॅट घेतो. जुना डेस्कटॉप ६५ वॅट घेत असेल, तर चोवीस तास चालवून महिन्याला ४७ युनिट होतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, हे लक्षात घ्या.

दाखवण्याच्या कामात मात्र स्वस्त नॅस तोकडा पडतो. टीव्हीला फाइलचा फॉरमॅट झेपला नाही, किंवा चित्ररूपातली सबटायटल्स लावली, की व्हिडिओ चालता चालता बदलून द्यावा लागतो. साध्या प्रोसेसरला ते जमत नाही, चित्र अडखळतं. खरेदीआधी सर्वांत जड फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावून बघा. नीट चालली, तर बहुधा नॅस पुरेल. नाही चालली, तर नॅसच्या जोडीला इंटेल चिपचा छोटा मिनी पीसी घ्या. व्हिडिओ बदलण्याची सोय त्या चिपमध्येच असते.

डिस्क घेताना सीएमआर (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवणारी) आहे का, हे विचारून घ्या. नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्क एसएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर चढवणाऱ्या, असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. एक डिस्क बदलून दुसरीवरून परत भरताना त्या फार रेंगाळतात. यूपीएस यूएसबी केबलने नॅसला जोडता येणारा घ्या, म्हणजे लाइट गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो.

बाहेरून बघायचं असेल, तर राउटरचे पोर्ट उघडून ठेवू नका. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसनी इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस कुलूपबंद केले होते. शिवाय बरेच केबलवाले घरटी स्वतंत्र पब्लिक आयपी देत नाहीत, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. टेलस्केलसारखा खासगी मार्ग दोन्ही अडचणींवर चालतो.

आणि एक प्रत दुसऱ्या गावात हवीच. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीचं पाणी कल्याण परिसरात घराघरांत शिरलं, तेव्हा एकाच घरातल्या दोन प्रती एकदमच भिजल्या असत्या. डोंबिवलीची प्रत ठाण्याला, ठाण्याची डोंबिवलीला, असं नातेवाइकांत ठरवून घ्या. दर दिवाळीला आणि मे महिन्यात ती डिस्क आणून नवीन भर घाला, आणि चार-दोन फायली उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नये.

बजेट एवढं नसेल, तर सर्व्हर आणि नॅस दोन्ही पुढे ढकला. आधी दोन साध्या पोर्टेबल डिस्क घ्या आणि दोन घरांत ठेवा. सिनेमा पुन्हा मिळतो, वडिलांचा आवाज मिळत नाही.