संगणकाचे स्पीकर घेताना वॉटचे माप तपासा

नगरच्या कापड बाजारात गिऱ्हाईक कापड घेते तेव्हा मीटरपट्टी त्याच्या डोळ्यांसमोर असते. किराणा दुकानात काटा दिसतो. मात्र संगणकाच्या स्पीकरच्या खोक्यावर '१२०० वॉट' असे ठळक छापलेले असते, ते माप घेणाराही तपासत नाही आणि बहुधा विकणाराही नाही. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात आपल्या समाजातील कितीतरी तरुण मोबाईल दुरुस्ती, ऑनलाइन फॉर्म भरणे, फोटो-व्हिडिओ, भरतकाम, शिकवणी अशा व्यवसायांत संगणक वापरतात. दोन-अडीच हजार रुपयांची खरेदी त्यांच्यासाठी लहान नसते. म्हणून प्रस्तुत लेखात हे माप कसे ओळखावे ते पाहू.

१) वॉट दोन प्रकारचे
खोक्यावर दोन आकडे आढळतात. 'आरएमएस' म्हणजे स्पीकर सतत, आवाज न फाटता देऊ शकेल ती शक्ती. 'पीएमपीओ' म्हणजे क्षणभराच्या उच्चांकाचा फुगवलेला आकडा. तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. त्यामुळे २० वॉट आरएमएसचा संच एखादा कारखानदार ५०० वॉटचा म्हणतो, तर दुसरा १००० वॉटचा. असा फुगवटा इतर देशांतही होता. अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला अॅम्प्लिफायरची शक्ती कशी मोजावी व जाहिरातीत कशी सांगावी याचा नियम करावा लागला. आपण मात्र एवढे पक्के धरावे : तुलना करायची ती आरएमएसचीच. ज्या खोक्यावर हा आकडा नाही, तो माल बाजूला ठेवावा.

२) पडताळा कसा घ्यावा
वायरमनला ठाऊक असलेला साधा हिशेब आहे : व्होल्ट गुणिले अॅम्पियर म्हणजे वॉट. स्पीकरसोबतच्या अॅडॅप्टरवर '१२ व्होल्ट, २ अॅम्पियर' लिहिले असेल तर आत जाणारी शक्ती २४ वॉट झाली. त्यातील काही भाग उष्णतेत जातो. मग सतत बाहेर येणारी शक्ती २४ वॉटपेक्षा कमीच असणार. खोक्यावर काहीही छापलेले असो. अॅडॅप्टर नसेल तर मागच्या पट्टीवर किती वॉट वीज लागते ते पाहावे. यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर संगणकाच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्ट व अर्धा अॅम्पियर घेतात, म्हणजे अवघे अडीच वॉट. विहिरीत असते तेवढेच पोहऱ्यात येते.

३) किती वॉट पुरे?
साधा स्पीकर १ वॉट शक्तीवर १ मीटर अंतरावर साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज देतो. दोन माणसांचे नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणजे टेबलाजवळ बसून ऐकणाऱ्याला रोजच्या कामाला १ वॉटही लागत नाही. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. दहा बाय बाराच्या दुकानाला १० ते २० वॉट आरएमएस भरपूर झाले. त्यापुढचे पैसे चांगल्या पेटीसाठी खर्चावेत.

४) सबवूफर घ्यावा का?
२.० म्हणजे फक्त दोन स्पीकर; २.१ म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खर्जाचा, म्हणजे बाजारात ज्याला 'बास' म्हणतात त्या आवाजाचा, वेगळा सबवूफर. बजेट तेवढेच असेल तर २.१ संचात ते तीन पेट्यांत वाटले जाते आणि छोटे स्पीकर बहुधा हलके निघतात. शिकवणी, ऑनलाइन बैठक, किरअत वा व्याख्यान ऐकणे, या कामांत माणसाचा आवाज स्वच्छ हवा, तिथे २.० चा बरा संच घ्यावा. लग्नाच्या व्हिडिओचे संकलन करणाऱ्याला खर्ज ऐकू येणे जरूर आहे, त्याने २.१ घ्यावा, पण खर्जाची कळ मध्यावर ठेवूनच काम करावे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी तेच चित्रण पोकळ ऐकू येईल.

५) दुकानात परीक्षा
दुकानदार ढणढण वाजणारे गाणे लावील. आपण आपल्या मोबाईलमधील ओळखीच्या माणसाचे भाषण लावावे. आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटला तर संच सोडावा. मग काहीही न वाजवता आवाजाची कळ पूर्ण फिरवावी; गुणगुण किंवा खरखर मोठी असेल तर नको म्हणावे. शेवटी पेटी बोटाने ठोकून पाहावी : लाकडी भुशाच्या जाड फळीची पेटी पातळ प्लास्टिकपेक्षा कमी थरथरते. वायरी निघणाऱ्या असाव्यात. तुटली तर वायरच बदलता येते. अॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. पक्के बिल व वॉरंटीवर शिक्का घ्यावा.

६) मांडणी
छोटे स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीला, आपल्याकडे किंचित वळवून ठेवावेत. खर्जाची दिशा कानाला कळत नाही, म्हणून सबवूफर टेबलाखाली चालतो. मात्र कोपऱ्यात ढकलला की घुमतो. संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावावेत, गुणगुण कमी होते. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्यावे. वीज गेली की स्पीकरचे बटण बंद करावे, येताना बसणारा झटका टळतो. शेजाऱ्यांचाही हक्क आहे : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे.

७) विकणाऱ्या बांधवांसाठी
हा माल विकणारे आपलेही अनेक बांधव आहेत. आकडा कारखान्याने छापला, आमचा काय दोष, असे ते म्हणतील. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ते खरेही असेल. पण ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, हा सवाल त्याला झाला. खोक्यावरचा पीएमपीओ हा तो कोरडा थर आहे आणि आरएमएस आतली ओल. तेव्हा बिलावर आरएमएसचा आकडा स्वतः लिहून द्यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही मालाच्या दर्जाविषयी खोटे सांगणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

दोन गिऱ्हाइके कदाचित मोठ्या आकड्याच्या मागे शेजारच्या दुकानात जातील. जे थांबतील ते पुढच्या वेळी कीबोर्ड, प्रिंटर आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतील. खऱ्या मापाच्या धंद्यातच बरकत आहे.