बोका गादीवर शू करतो तेव्हा

अगं, फोनवर तू दबक्या आवाजात जे विचारलंस, त्याचं उत्तर सविस्तरच देते. आत सासूबाई होत्या, तुला मोकळेपणानं बोलता येत नव्हतं, ते कळत होतं मला. इतके दिवस शहाण्यासारखा ट्रेमध्ये जाणारा गोटू आता गादीवर, पायपुसण्यावर, धुवायला काढलेल्या कपड्यांवर शू करतोय. घरात वास, घरमालकाची धास्ती, रोज चादरी धुवायच्या, आणि वर ‘मुद्दाम करतोय तो, बड्या तलावाच्या काठी सोडून या’ हेही ऐकून घ्यायचं. कोलार रोडच्या त्या दोन खोल्यांत हे सगळं एकटीनं निभावणं सोपं नाही, राणी.

पण एक गोष्ट आधी मनातून काढून टाक. गोटू मुद्दाम करत नाहीये. माणसावर राग काढायला त्याची गादी निवडायची, एवढा हिशेब मांजराच्या डोक्यात होत नाही. गादी मऊ असते, ओल चटकन शोषते आणि तिला तुझा वास असतो. दुखणाऱ्या किंवा घाबरलेल्या जिवाला तिथं बरं वाटतं, इतकंच. घरात राहणारं मांजर शूची जागा बदलतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला काहीतरी दुखत असतं, नाहीतर ट्रे आवडेनासा झालेला असतो, नाहीतर घरातच त्याचा जीव घाबरलेला असतो. शोधायचं तेही याच क्रमानं. क्रम उलटा केलास तर महिनाभर ट्रे बदलत बसशील आणि दुखणं आतल्या आत वाढेल.

म्हणून आधी डॉक्टर. गोटू बोका आहे, त्यामुळं हे मी जास्तच निक्षून सांगते. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. लघवीतले वाळूसारखे बारीक खडे किंवा चिकट घट्ट स्राव तिथं अडकला की लघवी तुंबते. मग तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, एखादा थेंब येतो किंवा तोही येत नाही. ओरडतो, मागचा भाग सारखा चाटतो. पुढं खाणं सोडतो, ओकतो, कोपरा धरून पडून राहतो. पुष्कळ घरांत याला बद्धकोष्ठ समजतात आणि सकाळी बघू म्हणतात. असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्री दोनला दिसलं तर दोनलाच निघायचं. पोट दाबून बघायचं नाही, फुगलेलं मूत्राशय फुटू शकतं. डॉक्टर गुंगी देऊन नळी घालतात, लघवी मोकळी करतात, सलाईन लावतात. वेळेत नेलेले बहुतेक बोके वाचतात. भोपाळमध्ये रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, ते आजच फोन करून विचार आणि नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव. दिवसा जायचं असेल तर जहांगीराबादला राज्य पशुचिकित्सालय आहे.

गोटूला धार नीट येतेय असं तू म्हणालीस, तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घे. लघवीचा नमुना घरून नेता आला नाही तर काळजी करू नकोस, डॉक्टर सुईनं थेट मूत्राशयातून काढतात. मांजर वयस्कर असतं तर मी रक्त तपासायलाही सांगितलं असतं, कारण मूत्रपिंड थकलं, मधुमेह झाला किंवा थायरॉइड वाढलं की लघवी इतकी होते की ट्रे पुरतच नाही. म्हाताऱ्या मांजरांचे सांधेही दुखतात. उंच काठाच्या ट्रेमध्ये पाय टाकणंच नको वाटतं त्यांना.

आणि तपासणीत काहीच सापडलं नाही तर ‘बघ, नाटकं करतोय’ असं कुणाला म्हणू देऊ नकोस. तरण्या मांजरांच्या लघवीच्या दुखण्यात निम्म्याहून अधिक वेळा ना खडा सापडतो ना जंतू. मूत्राशयाला आतून सूज आलेली असते आणि ती ताणामुळं उफाळते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्यांनी अनेक वर्षं याच दुखण्याचा अभ्यास केला. अशा मांजरांची घरातली राहणी सुधारली, त्यांना लपायला, चढायला, खेळायला मिळालं की त्रास कमी होतो, हे त्यांच्या कामातून दिसलं. म्हणजे दुखणं खरं असतं, पण उपचाराचा मोठा भाग तुझ्या घरातच असतो.

औषधाचं मात्र स्वतःच्या मनानं काही करू नकोस. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण त्याच्या यकृताला ती पचवताच येत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनाही हात लावायचा नाही. धण्या-जिऱ्याचं पाणी, गोखरूचा काढा हे माणसांचे उपाय माणसांपुरतेच राहू देत.

पाणी मात्र पोटात जायला हवं. आपल्या मांजरांचे पूर्वज वाळवंटातली रानमांजरं. त्यांना तहान कमी लागते आणि लघवी घट्ट होते. नुसत्या कोरड्या दाण्यांवर वाढलेल्या मांजराला म्हणूनच हा त्रास लवकर पकडतो. दाणे कमी करून ओलं खाणं वाढव. पाण्याची दोन-तीन पसरट भांडी घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेव, खाण्याच्या ताटलीपासून लांब. चिकन उकडून त्याचं पाणी दे, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कच्चं चिकन तर अजिबात नको. 2025 च्या जानेवारीत आपल्या छिंदवाड्यात पाळलेल्या मांजरांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. त्यांचे नमुने इथंच, आनंदनगरच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले गेले.

आता ट्रेकडं वळू. तुझ्या गल्लीत बांधकामासाठी नर्मदेच्या रेतीचा ढीग पडला की काय होतं, ते बघितलंयस ना? चार दिवसांत आसपासची सगळी मांजरं तिथं हजर. पुढच्या पंजानं खळगा करतात, वळून बसतात, मग हुंगत हुंगत वरून रेती ओढतात. मांजराला काय हवं ते त्या ढिगाजवळ उभं राहून कळतं. बारीक, मऊ, बिनवासाची वाळू, पंजा बुडेल इतकी खोली आणि वळायला जागा. तू ट्रेसाठी आणलेल्या लव्हेंडरच्या लिटरमध्ये हे नाही. तो सुगंध आपल्यासाठी असतो, त्याच्या नाकाला तो झोंबतो. साधं बेंटोनाइटचं, गोळा होणारं, बिनवासाचं लिटर आण आणि दोन-तीन बोटं जाड थर दे. ट्रे गोटूच्या लांबीच्या दीडपट हवा. दुकानातले ट्रे बहुतेक लहानच पडतात. त्यापेक्षा कपडे भिजवायचा मोठा प्लास्टिकचा टब घे आणि एका बाजूचा काठ कापून खाली आण. झाकणाचा ट्रे असेल तर झाकण काढून बघ, आत वास कोंडतो. ओल्या लिटरचे गोळे दिवसातून दोनदा काढ. एका मांजराला दोन ट्रे, दोन मांजरांना तीन, असा हिशेब धर. पण दोन्ही ट्रे शेजारीशेजारी ठेवलेस तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे झाला.

जागेबद्दल एक शंका मला फोनवरच आली होती. तुझा ट्रे गॅलरीत आहे आणि हे सगळं एप्रिलमध्ये सुरू झालं. भोपाळचा एप्रिल म्हणजे दुपारी लू. दहा-अकराला तू गॅलरीचं दार लावून घेतेस ते संध्याकाळी उघडतेस. मधले सात-आठ तास गोटूनं जायचं कुठं? आणि दार उघडं असलं तरी तिथंच खिडकीला कूलर लावलाय, तो सुरू झाला की दणदणाट. त्या आवाजात, तापलेल्या फरशीवरून चालत जाऊन ट्रेमध्ये बसायची त्याला भीती वाटत असणार. एक ट्रे आजच आत आण. पलंगाच्या पलीकडचा कोपरा चालेल. देवघर आणि स्वयंपाकघर सोडून जिथं दार कधी लागत नाही आणि मशीनचा, कूलरचा आवाज पोचत नाही, अशी कुठलीही जागा.

हेही नीट बघ की तो बसून करतो की उभ्यानं. बसून, आडव्या जागी, चांगली मोठी शू करत असेल तर वर सांगितलं ते सगळं लागू. पण भिंतीकडे, पडद्याकडे, सोफ्याच्या पाठीकडे शेपूट करून, उभ्यानं, शेपटी थरथरवत थोडीशी पिचकारी मारत असेल तर तो आपली हद्द आखतोय. वनविहारातला वाघ झाडाला पाठ करून हेच करतो. वाघाच्या त्या फवाऱ्यात बासमती तांदळाला सुवास देणारा रेणू असतो, हे आपल्या रतनलाल ब्रह्मचारी यांच्या संशोधनातून कळलं. बोक्याच्या फवाऱ्याला मात्र उग्र दर्प असतो. नसबंदी झालेली नसेल तर ती करून घे. दहांतल्या साधारण नऊ बोक्यांचं फवारणं त्यानं थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं. तरीही फवारत असेल तर खिडकीतून कोण दिसतं ते बघ. बाहेरचा एखादा दांडगा बोका रोज गच्चीवर येऊन बसत असेल तर गोटूला आपलं घर धोक्यात वाटतं. त्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद लाव.

घरात अलीकडं काय बदललं, याचाही विचार कर. सासूबाई राहायला आल्या, कपाट हललं, त्याची झोपायची खुर्ची माळ्यावर गेली. आपल्याला या बारीकसारीक गोष्टी वाटतात, त्याचं सगळं जग मात्र त्या दोन खोल्यांएवढंच आहे. गणपतीत झांकीचा डीजे सुरू झाला किंवा दिवाळीत फटाके लागले की तो असाच घाबरणार. त्याला उंचावर एक जागा दे, लपायला एक खोका दे, रोज ठरावीक वेळी दोरीनं खेळव आणि जेवणाची वेळ पाळ. ओरडू नकोस, मारू नकोस, शूमध्ये त्याचं नाक घासू नकोस. त्यानं तो एवढंच शिकेल की तुझ्यासमोर करायचं नाही. मग पलंगाखाली, कपाटामागं करेल आणि तुला कळणारही नाही.

साफसफाईत आपल्या घरांची एक सवय मोडायला हवी. शू दिसली की फिनाईल. फिनाईलमधले फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजराच्या शरीराला नीट बाहेर टाकता येत नाहीत. ते पंजाला लागतात, पंजा चाटला जातो आणि विष पोटात जातं. क्लोरोझायलेनॉल असलेलं जंतुनाशकही त्याच जातीचं. आधी जुन्या कापडानं ओल टिपून घे, गार पाण्यानं धू, मग एन्झाइमवालं क्लीनर ओतून लेबलवर लिहिलेला वेळ तसंच राहू दे. कोटा फरशीवर व्हिनेगर घालू नकोस, फरशी खराब होते. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं द्रव्य असतं. ते हळूहळू फुटत जातं आणि त्याचा गंधकासारखा वास दिवसेंदिवस वाढतो. म्हणून वरवर पुसलेली गादी आपल्याला स्वच्छ वाटते, त्याला मात्र ती अजून शूची जागाच वाटते. गादीला वॉटरप्रूफ कव्हर घाल.

एक छोटं काम आजपासून सुरू कर. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितेस ना, त्याच चौकोनात लिही: कुठं केली, किती वाजता, किती होती, त्या दिवशी घरात काय घडलं. पंधरा दिवसांचं ते पान डॉक्टरांना दाखव. कारण बहुधा तिथंच सापडेल. आणि सुधारणा आठवड्यांनी दिसते, चार दिवसांत निराश होऊ नकोस.

राहिला प्रश्न सोडून देण्याचा. घरात वाढलेल्या बोक्याला कुत्र्यांपासून पळता येत नाही, भक्ष्य शोधता येत नाही, आणि गोटू तर बहुधा आजारीही आहे. तलावाकाठी तो फार दिवस टिकणार नाही. पाळलेलं जनावर भुकेनं-तहानेनं तळमळेल असं विनाकारण टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. पण कायदा सांगून सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना बरोबर घेऊन दवाखान्यात जा. ‘आई, याला मूत्राशयाची सूज आहे’ हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचाही राग निवळेल. लघवीची जळजळ काय असते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

तेव्हा हे वाचून झालं की पहिला फोन डॉक्टरांना कर आणि आजची संध्याकाळची वेळ घे.