हाडांचे गवंडी आणि रक्ताचे आजार

रक्त कोठे तयार होते असे विचारले, तर पुष्कळजण 'काळजात' असे उत्तर देतात. खरे उत्तर हाडाच्या पोकळीत आहे. मटणाची नळी फोडून चाखणाऱ्यांना आतला मऊ गर चांगला ठाऊक असतो. त्यालाच अस्थिमज्जा म्हणतात. रक्तपेशींचा जन्म या गरातच होतो, हे एर्न्स्ट नॉयमान या जर्मन संशोधकाने १८६८ साली दाखवून दिले. मोठ्या माणसात हे काम मुख्यतः कमरेचे हाड, मणके, बरगड्या आणि छातीचे हाड येथे चालते. निरोगी शरीरात रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. हे काम बिघडले की माणूस पांढरा पडतो, धाप लागते, ताप वरचेवर येतो, हिरड्यांतून रक्त येते.

आता या गराभोवतालच्या हाडाकडे पाहू. हाड म्हणजे चुन्याचा निर्जीव दगड नव्हे. त्यात जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी असतात आणि त्या जागी नवे हाड घालणाऱ्या पेशीही असतात. या दुसऱ्या प्रकारच्या पेशींना अस्थिजनक पेशी म्हणतात. आम्ही त्यांना हाडांचे गवंडी म्हणू. पाडणे आणि बांधणे दोन्ही जन्मभर चालू असते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो.

गवंड्यांनी भिंत बांधावी आणि रक्तपेशींनी आत आपले काम करावे, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, अशीच समजूत फार काळ होती. १९७८ साली रेमंड स्कोफील्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने वेगळा विचार मांडला. सर्व रक्तपेशी ज्या मूळ पेशींपासून होतात, त्या पेशी मज्जेतील विशिष्ट जागी, शेजाऱ्यांच्या आधारानेच टिकतात, असे त्याचे म्हणणे होते. त्या जागेतून हलल्या की त्यांचे मूळपण जाते.

शेतकरी वाचकांना हे फार समजावून सांगायला नको. तुरीचे बी कितीही निवडक आणा, जमिनीत मर रोगाची बुरशी असेल तर फुलावर आलेले झाड उभे वाळते. दोष बियाण्याच्या दुकानदाराचा नसतो. प्रभू येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यातही बी एकच आहे, जमीन मात्र निरनिराळी आहे. रक्ताच्या रोगांत डॉक्टर मंडळी अनेक वर्षे फक्त बी तपासत होती.

पुरावा २००३ पासून मिळू लागला. त्या वर्षी अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी उंदरांत दाखवले की अस्थिजनक पेशी वाढल्या की रक्ताच्या मूळ पेशीही वाढतात. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात उंदरांतील हे गवंडी औषधाने नाहीसे करण्यात आले. मज्जेतील रक्तनिर्मिती ओसरली आणि ते काम प्लीहा व यकृत यांनी अंगावर घेतले. औषध थांबवल्यावर गवंडी परत आले आणि मज्जाही पुन्हा कामाला लागली.

सर्वांत बोलका प्रयोग २०१० साली बोस्टन येथील गटाने प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या रक्तपेशींना हात लावला नाही. हाड बांधणाऱ्या पेशी ज्यांपासून होतात, त्या कोवळ्या पेशींतील डायसर नावाचे एकच जनुक काढून टाकले. त्या उंदरांच्या मज्जेत रक्तपेशी वेड्यावाकड्या होऊ लागल्या, संख्येने घटल्या, आणि काही उंदरांना रक्ताचा कर्करोगही झाला. निरोगी उंदराची मज्जा या उंदरांत घातली तर तीही बिघडली. उलट त्यांच्या बिघडलेल्या रक्तपेशी निरोगी उंदरात नेल्या तर त्या सुधारल्या. बी तेच, वाफा बदलला.

माणसातील याच जातीच्या रोगाला मायलोडिस्प्लेशिया म्हणतात. तो बहुधा साठीनंतर दिसतो. रक्त कमी होते, पण लोहाच्या गोळ्यांनी भरून येत नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही मज्जेचे चित्र असेच दिसू शकते, म्हणून डॉक्टर ते आधी तपासतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने २०१४ साली हा रोग किंवा तीव्र रक्तकर्करोग असलेले १०७ रुग्ण तपासले. त्यांतील सुमारे ३८ टक्के जणांच्या अस्थिजनक पेशींत असा बिघडलेला संदेश आढळला, की जो उंदरांत घडवून आणल्यावर त्यांना रक्ताचा कर्करोग होत होता.

येथे आम्ही मुद्दाम थांबतो. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात 'कर्करोग हाडातून येतो' अशी बातमी पसरायला नको. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. बहुतेक रुग्णांत रक्तपेशींच्या जनुकांतच दोष सापडतात. शिवाय मूळ पेशींचे जवळचे शेजारी मुख्यतः बारीक रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशी असतात, असे नंतरच्या संशोधनातून दिसले. तेव्हा गवंडी हे एकटे मालक नव्हेत, वाड्यातील अनेक भाडेकरूंपैकी एक आहेत.

एका रोगात मात्र या गवंड्यांचे महत्त्व घरातल्या माणसालाही कळावे असे आहे. त्याचे नाव मल्टिपल मायलोमा. मज्जेतील प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि हाडाच्या पोकळीचा ताबा घेतात. त्या पाडणाऱ्या पेशींना चेतवतात आणि गवंड्यांना हातावर हात धरून बसायला लावतात. गवंड्यांना थोपवणारे एक द्रव्य या रोगपेशींतून निघते, हे २००३ साली सिद्ध झाले. पाडकाम दुप्पट आणि बांधकाम बंद, मग हाडाला भोके पडतात. नवे हाड बनतच नसल्यामुळे, कर्करोगासाठी करतात त्या हाडांच्या आण्विक स्कॅनमध्येही ही भोके पुष्कळदा दिसत नाहीत.

साठीच्या माणसाची पाठ किंवा बरगडी दुखते. घरचे म्हणतात, वय झाले. हाडवैद्याकडे नेतात, तेल लावून मणका दाबून घेतात. पोखरलेला मणका अशा दाबाने खचू शकतो, आणि खचलेल्या मणक्याखाली मज्जारज्जू दबला तर पाय जातात. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तर या रोगात मूत्रपिंडाला फार घातक. कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत, कारण हाडातून सुटलेले कॅल्शियम रक्तात आधीच वाढलेले असू शकते. पाठदुखी काही आठवडे हटत नसेल, रात्रीही छळत असेल, आणि जोडीला अशक्तपणा, फिकेपणा, वारंवार न्यूमोनिया किंवा फार तहान असेल, तर रक्ताची पूर्ण तपासणी, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस करून द्या, असे डॉक्टरांना सरळ म्हणावे. यांतील बऱ्याच तपासण्या जिल्ह्याच्या गावी होतात.

पुढे मज्जेचा नमुना घ्यावा लागतो, त्याची लोकांना विनाकारण धास्ती वाटते. 'कण्यातले पाणी काढतात, मग माणूस उठत नाही' हे ऐकून कागदावर सही न करणारी घरे आम्हाला माहीत आहेत. नमुना कण्यातून घेत नाहीत. कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून, सुईने घेतात. गर ओढताना क्षणभर कळ येते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो आणि दोन-चार दिवस जागा दुखरी राहते.

हा रोग अजूनही समूळ जातोच असे नाही, पण औषधांनी पुष्कळांना कित्येक वर्षे चांगली मिळतात. बोर्टेझोमिब हे औषध रोगपेशी मारते आणि गवंड्यांनाही काही प्रमाणात कामावर परत आणते. ते आता भारतातही बनते. ज्यांना झेपेल त्यांच्यात स्वतःच्याच मूळ पेशींचे रोपण करतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात मज्जारोपण १९८३ साली आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ साली सुरू झाले. बेळगाव, हैदराबादकडील रुग्ण आजही या दोन ठिकाणी जातात. मात्र रोपण होणारी केंद्रे आता हैदराबादसह अनेक शहरांत आहेत. पाडणाऱ्या पेशींना लगाम म्हणून झोलेड्रोनिक आम्लाची सलाईन देतात. ते सुरू होण्यापूर्वी किडके दात काढून, तोंड दाखवून घ्यावे, कारण औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही.